जुनी दगडी भिंत हलते आहे का, हे कसं मोजतात

महाबळेश्वरापासून कृष्णेच्या काठाकाठानं सांगलीपर्यंत खाली आलं की जुनी दगडी बांधकामं सरत नाहीत. वाईचा ढोल्या गणपती, मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट, लिंबची बारा मोटांची विहीर, माहुलीची संगमावरची देवळं, कराडचे मनोरे, औदुंबर, हरिपूर, सांगलीचं गणपती मंदिर. वर डोंगरावर प्रतापगड, अजिंक्यतारा, सज्जनगड. यातलं बरंचसं काम काळ्या दगडाचं आणि चुन्याचं. इतकी वर्षं टिकलं म्हणजे पुढेही टिकेल, असं आपण धरून चालतो. मग एखाद्या भिंतीवर तडा दिसतो आणि प्रश्न येतो: हा आजोबांच्या वेळचा आहे, की अजून वाढतो आहे?

नजरेला याचं उत्तर देता येत नाही. वर्षाला अर्धा मिलिमीटर रुंदावणारा तडा रोज समोरून जाणाऱ्या पुजाऱ्यालाही कळणार नाही, पण वीस वर्षांत तो एक सेंटिमीटर झालेला असतो. म्हणून मोजावं लागतं. मोजण्यासाठी आता सेन्सर वापरतात. सेन्सर म्हणजे एखादा बदल टिपून त्याचा आकडा करून देणारं छोटं उपकरण. बदल अंतराचा असेल, कलाचा, तापमानाचा, पाण्याच्या पातळीचा किंवा कंपनाचा. हे काम कोणत्या क्रमानं होतं आणि कुठे फसतं, ते आपण टप्प्याटप्प्यानं पाहू.

आधी एक दाखला, कारण तो सातारा जिल्ह्यातलाच आहे आणि जगभर अभ्यासला गेला आहे. कोयना धरणात १९६२ साली पाणी अडवायला सुरुवात झाली, लहान धक्के जाणवू लागले आणि परिसरात भूकंपमापक बसवले गेले. धरणाच्या आत, भुयारी मार्गिकेत, त्वरणलेखक होता. बांधकाम किती जोरानं हलतं हे क्षणाक्षणाला नोंदवणारं हे उपकरण. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे मोठा भूकंप झाला तेव्हा त्यानं धरणाच्या लांबीच्या दिशेनं गुरुत्वाकर्षणाच्या ०.६३ पट, आडव्या दिशेनं ०.४९ पट आणि उभ्या दिशेनं ०.३४ पट त्वरण नोंदवलं. धरणाच्या आराखड्यात ०.०५ पट धरलं होतं.

धरण पडलं नाही. पण उतरत्या बाजूचा उतार जिथे एकदम बदलतो, त्या उंचीवर आडव्या भेगा सापडल्या. भेगा कुठे आहेत ते पाहणीत कळलं, त्या कोणत्या जोरानं पडल्या ते उपकरणानं सांगितलं. दोन्ही हाताशी होतं म्हणून गणित मांडता आलं, आणि उंच भागांना मागून भक्कम आधार बांधून धरण मजबूत करता आलं. पाहणी आणि आकडा यांची ही जोडी पुढच्या प्रत्येक टप्प्यात लागणार आहे.

पहिला टप्पा पाहण्याचाच. यात एकही उपकरण नसतं आणि घाईत नेमका हाच टप्पा वगळला जातो.

जुनी जाड भिंत बाहेरून अखंड दिसते, पण ती बहुतेक वेळा तीन थरांची असते. बाहेर घडीव दगडाचा थर, आत दुसरा थर, आणि मधल्या पोकळीत खांडक्या नि चुना. माथ्यावरच्या दरजा उघड्या पडल्या, म्हणजे दोन दगडांमधला चुना झडला, की पाणी मधल्या भरावात उतरतं. चुना धुपतो, खांडक्या खाली बसतात आणि पाचरीसारख्या बाहेरच्या थराला ढकलतात. भिंतीला पोट येतं. गवंडी हे लांबून ओळखतात. हातोडीनं हळूच ठोकून भरीव आवाज येतो की पोकळ, हेही त्यांना कळतं. म्हणून अशा पाहणीला अभियंत्याबरोबर एक जुना गवंडी किंवा पाथरवट असावाच, असं माझं ठाम मत आहे.

प्रत्येक तड्याला क्रमांक द्यायचा. शेजारी पट्टी धरून फोटो घ्यायचा. भिंतीचं रेखाचित्र काढून त्यावर तडे दाखवायचे. तड्याचं टोक कुठे संपतं तिथे परवानगीनं बारीक खूण करून तारीख नोंदवायची. पिंपळाचं रोप कुठे आहे, पन्हळ कुठे तुंबली आहे, छपराचं पाणी कुठे पडतं, हे लिहायचं. गुरव, पुजारी, शेजारची वयस्कर माणसं यांना विचारायचं: हा तडा आपण कधीपासून पाहता? कोणत्या पुरानंतर? बऱ्याच ठिकाणी काम इथेच संपतं. पन्हळ मोकळी केली, रोप मुळासकट काढलं, दरजा चुन्यानं भरल्या, की सेन्सरची गरज उरत नाही.

इथली नेहमीची चूक म्हणजे तडा दिसला की सिमेंटनं लिंपून टाकणं. सिमेंट चुन्यापेक्षा फार कडक असतं आणि ओल बाहेर सोडत नाही. त्यामुळे शेजारचा दगड खराब होतोच, शिवाय मोजायचा पुरावाही झाकला जातो. मोजमाप पूर्ण होईपर्यंत तडा उघडा ठेवावा. वरून पाणी शिरत असेल तर तात्पुरता आडोसा करावा.

दुसरा टप्पा प्रश्न ठरवण्याचा. "सगळ्याच गोष्टी मोजू" म्हणून सुरू झालेल्या योजनेत आकड्यांचा ढीग जमतो आणि वाचायला कोणी नसतं. आपल्या वास्तूला धोका कशाचा आहे ते आधी ठरवायला हवं, आणि ते जागेनुसार बदलतं. महाबळेश्वर-प्रतापगडाच्या बाजूला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तिथे शत्रू म्हणजे भिंतीत शिरणारं पाणी. जत-आटपाडीकडे पाऊस त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, तिथे ऊन आणि दिवसरात्रीच्या तापमानातला फरक जास्त बोलतो. काळ्या जमिनीवर पाया असेल तर पावसात माती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि पाया वरखाली होतो. पाटण, कराड, शिराळा भागात कोयना-वारणा पट्ट्यातले धक्के धरावे लागतात. आणि नदीकाठच्या घाटाला महापूर.

तिसरा टप्पा तडा मोजण्याचा. सर्वात जुनी रीत काचेची पट्टी. तड्यावर आडवी बारीक काच दोन्ही बाजूंना चिकटवतात. हालचाल झाली की काच तडकते. स्वस्त आहे, पण ती एकदाच बोलते. किती हललं आणि कोणत्या दिशेला, हे सांगत नाही. कधी चिकटवलेला लेपच सुटतो आणि काच शाबूत राहते. मग सगळं ठीक आहे असा चुकीचा समज होतो.

त्यापेक्षा तीन खुंट्यांची रीत चांगली. तड्याच्या एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एक, अशा पितळेच्या किंवा न गंजणाऱ्या पोलादाच्या बारीक खुंट्या त्रिकोणात बसवतात. त्यांच्यामधली अंतरं डिजिटल कॅलिपरनं, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग दाखवणाऱ्या मापकानं, ठरावीक दिवशी घेतात. दोन अंतरांवरून तडा रुंदावतो आहे की एक बाजू खाली सरकते आहे, हे वेगळं काढता येतं. हा फरक फार महत्त्वाचा. नुसता रुंदावणारा तडा बऱ्याचदा उष्णतेचा असतो, तर खाली सरकणारी बाजू पाया खचत असल्याचं सुचवते. गावानं स्वतः करण्यासारखं सर्वात उपयोगी काम कोणतं असं विचाराल तर मी हेच सांगेन.

हेच काम स्वयंचलित हवं असेल तर क्रॅकमीटर लावतात. तड्याच्या दोन्ही बाजूंना टेकवलेली सरकती दांडी असते आणि ती किती सरकली त्याचा आकडा दर अर्ध्या तासाला नोंदला जातो. रात्री, पुरात, मंदिर बंद असताना, कधीही. पण दांडी धातूची असते आणि उन्हात तीही वाढते. मोजलेल्या हालचालीतला काही भाग दगडाचा आणि काही दांडीचा असतो. हे वजा न करता काढलेले निष्कर्ष फसवतात.

म्हणून चौथा टप्पा: प्रत्येक क्रॅकमीटरजवळ तापमानाचा आणि आर्द्रतेचा, म्हणजे हवेतल्या ओलाव्याचा, सेन्सर हवाच. काळा दगड तापला की किती वाढतो ते पाहा. दहा मीटर लांबीच्या भिंतीचं तापमान वीस अंशांनी बदललं तर लांबी साधारण एक ते दीड मिलिमीटर बदलते. ही वाढ जिथे जागा मिळेल तिथे, म्हणजे असलेल्या तड्यातच, खपते. दगड तापून फुगले की तडा मिटतो, थंडीत उघडतो. शिवाय जाड भिंत आतून तापायला दिवसच्या दिवस घेते. हवेचा पारा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात चढला तरी भिंतीच्या पोटातला बदल मागून येतो. एक सेन्सर हवेत आणि एक दगडाच्या दरजेत खोल बसवला तर हा उशीर दिसतो.

पाचवा टप्पा कल मोजण्याचा. ओळंबा हे याचं मूळ साधन आहे आणि आजही वापरावं. शिखराच्या आतून किंवा बुरुजाच्या बाजूनं बारीक तार सोडून वजन तेलाच्या डब्यात बुडवलं की ते झुलत नाही, आणि खाली ठेवलेल्या पाटीवर दरमहा खूण करता येते. टिल्टमीटर हे याचं विजेवर चालणारं रूप. भिंत उभ्या रेषेपासून किती कलली, हे तो मीटरला मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत सांगतो. आकडा बारीक वाटतो, पण मीटरला एक मिलिमीटर कल म्हणजे पंधरा मीटर उंचीच्या शिखराचा माथा पंधरा मिलिमीटर सरकलेला असतो.

कल मोजताना हमखास होणारी चूक म्हणजे टिल्टमीटर एका सुट्या दगडावर बसवणं. मग आपण देवळाचा नव्हे, त्या एका दगडाचा कल मोजत राहतो. उपकरण दोनतीन दगडांना पकडणाऱ्या पट्टीवर असावं, आणि जोत्यावर दुसरं असावं. दोन्ही सारखेच कलले तर पाया हलतो आहे, वरचंच कललं तर भिंत.

सहावा टप्पा पाण्याचा, आणि कृष्णाकाठी यावर थोडं थांबायला हवं. ढोल्या गणपतीचं मंदिर १७६२मध्ये गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधलं, तेव्हा मागची भिंत मत्स्याकार, निमुळती केली, म्हणजे पुराचा लोंढा दुभागून जावा. पाण्याच्या धडकेचा विचार त्या बांधणाऱ्यांनी केलेलाच होता. पण घाटांना आणि नदीकडेच्या भिंतींना आणखी एक धोका असतो, आणि तो पूर ओसरताना येतो.

पूर चढतो तेव्हा घाटामागची माती भिजते. त्याच वेळी नदीचं पाणी बाहेरून भिंतीला रेटत असतं, त्यामुळे तोल राहतो. मग नदी दोन दिवसांत उतरते, पण चिकण माती पाणी सोडत नाही. बाहेरचा रेटा गेला, आतला तसाच. आत-बाहेरच्या पातळीत तीन मीटरचा फरक असेल तर घाटाच्या प्रत्येक मीटर लांबीवर निव्वळ पाण्याचा सुमारे साडेचार टन रेटा येतो, भिजलेल्या मातीचा वेगळाच. "पुरात टिकला आणि नंतर ढासळला" असं आपण ऐकतो, त्यामागे बऱ्याचदा हे कारण असतं. लिंबच्या विहिरीसारख्या खोल दगडी विहिरींनाही हाच नियम लागू होतो. पंप लावून पाणी झपाट्यानं उपसलं, तर ओल्या मातीचा भार बांधणीवर एकदम येतो.

हे मोजायला पायझोमीटर लागतो. घाटामागे मातीत उभी सच्छिद्र नळी घालतात आणि तिच्यातल्या पाण्याची पातळी तळाशी ठेवलेल्या दाबमापकानं टिपतात. नदीची पातळी दुसऱ्या मापकावर घेतात. दोघांतला फरक हाच महत्त्वाचा आकडा. तो सतत मोठा राहत असेल तर घाटातली पाणी निघायची भोकं बुजली आहेत का ते पाहायचं. ती गाळानं, कधी निर्माल्यानं, कधी नव्या फरशीखाली बुजलेली असतात, आणि मोकळी करायला फारसा खर्च येत नाही.

सातवा टप्पा कंपनांचा. प्रत्येक उभं बांधकाम वाऱ्यानं, रस्त्यावरच्या गाड्यांनी अगदी किंचित डोलत असतं, आणि डोलण्याची त्याची स्वतःची गती असते. उंच दगडी मनोऱ्यासारख्या वास्तूत ती सेकंदाला एक ते काही वेळा इतकी असते. तिला नैसर्गिक वारंवारता म्हणतात. अॅक्सिलरोमीटर, म्हणजे कोयनेच्या त्वरणलेखकाचाच आजचा लहान भाऊ, माथ्यावर ठेवून ती काढतात. बांधकामाचा ताठपणा दहा टक्के कमी झाला तर वारंवारता साधारण पाच टक्क्यांनी उतरते. आतला चुना सैल झाला, न दिसणारी भेग पडली, तर ते इथे उमटतं. भूकंपाआधीची आणि नंतरची गती ताडून पाहता येते.

पण ही गती तापमानानं आणि ओलीनंही बदलते. उन्हाळ्यात तडे मिटले की भिंत ताठ होते आणि वारंवारता थोडी वाढते. जूनमध्ये ती उतरली म्हणून घाबरायचं कारण नाही. मागच्या जूनमध्ये किती होती, ते आधी पाहावं. आणि हे उपकरण महाग, त्याचं वाचन जाणकारांचं. साध्या एकमजली देवळाला त्याची गरज नसते, हे सांगायला विक्रेते सहसा येत नाहीत.

आठवा टप्पा बसवण्याचा. सर्वात जास्त गोष्टी इथेच बिघडतात. वास्तू संरक्षित असेल तर संबंधित पुरातत्त्व खात्याच्या लेखी परवानगीशिवाय खिळाही ठोकायचा नाही. १९५८च्या केंद्रीय कायद्याखाली संरक्षित स्मारकांच्या भोवतीही बंधनं आहेत: पहिल्या शंभर मीटरमध्ये नव्या बांधकामाला मनाई, त्यापुढच्या दोनशे मीटरमध्ये परवानगी लागते. असंरक्षित देवळातही कोरीव दगडाला भोक पाडू नये. खुंटी दरजेत, चुन्यात बसवावी, म्हणजे काढल्यावर भरता येते.

मग वीज आणि संदेश. सगळ्या सेन्सरचे आकडे डेटा लॉगरमध्ये, म्हणजे नोंदी साठवणाऱ्या पेटीत, जमतात आणि तिथून मोबाइलच्या जाळ्यावरून पुढे जातात. दोन मीटर जाडीच्या भिंतीतून रेडिओ संदेश नीट जात नाही, म्हणून पेटी झरोक्याजवळ लागते. घाटमाथ्यावर जुलै-ऑगस्टमध्ये सौर पट्टीला कित्येक दिवस ऊन मिळत नाही. बॅटरी त्या हिशेबानं घ्यावी, नाहीतर नोंद नेमकी पावसाळ्यात तुटते. वळवाच्या विजांपासून संरक्षण नसेल तर एका कडकडाटात सगळी पेटी जाते. माकडं तारा ओढतात, मधमाश्या डब्यात पोळं करतात, पाली जोडांवर घर करतात. उत्सवाआधी रंगारी येतो आणि प्रेमानं सेन्सरलाही रंग देतो. उपकरणाशेजारी मराठीत ठळक पाटी लावणं आणि गुरवांना, सेवेकऱ्यांना ते काय आहे हे उघडून दाखवणं, यानं जितकं नुकसान टळतं तितकं कुलपानं टळत नाही.

घड्याळाचंही पाहावं. दोन पेट्यांच्या वेळेत पाच मिनिटांचा फरक असेल तर भूकंपाचा धक्का आणि भिंतीची हालचाल जुळवता येत नाही.

नववा टप्पा थांबण्याचा. किमान एक पूर्ण वर्ष, उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा धरून, नुसती नोंद घ्यायची. फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलच्या प्रचंड घुमटावरचे तडे विसाव्या शतकाच्या मध्यापासून नियमित मोजले जात आहेत, आणि १९८०च्या दशकाच्या अखेरीस तिथे दीडशेहून जास्त उपकरणांची स्वयंचलित यंत्रणा आली. ते तडे दरवर्षी ऋतूप्रमाणे उघडतात आणि मिटतात, आणि त्या मोठ्या हेलकाव्याखाली वर्षागणिक अगदी थोडी, न परतणारी वाढ दडलेली असते. शोधायची असते ती ही वाढ. म्हणून यंदाचा १५ जानेवारी मागच्या १५ जानेवारीशी ताडायचा, मेशी नाही. उन्हाळ्यात बसवलेल्या क्रॅकमीटरचा सहा महिन्यांचा आलेख पाहून "तडा वाढतो आहे" असा अहवाल देणं ही या क्षेत्रातली बहुधा सर्वात मोठी चूक आहे. त्यातून गरज नसलेल्या दुरुस्त्या होतात, आणि चांगल्या भिंतींवर सिमेंट चढतं.

दहावा टप्पा इशाऱ्याच्या पातळ्यांचा. सांगलीकरांना हे समजावून सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा आणि ४५ फुटांवर धोका, हे घराघरांत पाठ आहे. ऑगस्ट २०१९मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा तोच आकडा गावभर तोंडी होता. त्या आकड्याचं बळ यात आहे की तो आला की काय करायचं, हे आधी ठरलेलं असतं. देवळाच्या तड्यालाही तसंच हवं. ऋतूच्या नेहमीच्या पट्ट्याबाहेर आकडा गेला तर कोणी येऊन पाहायचं? आणखी वाढला तर मंडपात गर्दी थांबवायची का? हा निर्णय कोणाचा, विश्वस्तांचा की तहसीलदारांचा? नावं आणि फोन क्रमांक कागदावर हवेत. नाहीतर रात्री दोनला आलेला संदेश कोणाच्या तरी फोनमध्ये न वाचलेला पडून राहतो.

काही पडझडी फार थोडी सूचना देऊन होतात. इटलीतल्या पाव्हिया शहरातला मध्ययुगीन मनोरा १७ मार्च १९८९ रोजी कोसळला आणि चार माणसं गेली. शतकानुशतकं सतत भार सोसणाऱ्या बांधकामाची ताकद आतून हळूहळू खचत गेली होती, असं नंतरच्या अभ्यासात दिसलं. त्या धक्क्यानंतर पिसाचा कलता मनोरा १९९०मध्ये लोकांसाठी बंद केला गेला. वरच्या बाजूच्या पायाखालची माती थोडी थोडी काढून त्याचा कल सुमारे अर्धा अंश कमी केला, आणि माती काढताना मनोरा कसा वागतो हे उपकरणांवर सतत पाहिलं जात होतं. २००१मध्ये तो पुन्हा उघडला.

दुरुस्तीच्या काळातलं हे मोजमाप आपल्याकडे बहुधा राहून जातं. ठेकेदार आला की सेन्सर काढून ठेवतात, आणि दुरुस्तीनं खरंच काही थांबलं का हे कळायचा मार्गच उरत नाही. मचाण बांधताना, जुना चुना खरवडताना, नवा भरताना भिंत सर्वात जास्त हलते, तेव्हा उपकरणं चालू हवीत. पुढचं निदान एक वर्षही ती राहू द्यावीत. मग काढावीत, भोकं चुन्यानं भरावीत. नोंदींची एक प्रत मंदिराच्या दप्तरात, एक पुरातत्त्व खात्याकडे आणि एक जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात ठेवावी, छापील. पेनड्राइव्ह वीस वर्षांनी उघडेलच असं नाही. तीन खुंट्या मात्र भिंतीतच राहू द्याव्यात, त्यांचे क्रमांक वहीत लिहून.